पहिला पत्ता कुठला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कायमच्या वास्तव्याचा परवाना घेऊन कॅनडात जाणाऱ्या माणसाला सुरुवातीलाच तिथला एक पत्ता द्यावा लागतो. वास्तव्याचे कार्ड त्या पत्त्यावर टपालाने यायचे असते. आपल्याकडचे बरेच जण तिथे एखाद्या नातेवाइकाचा पत्ता लिहून मोकळे होतात. मावसभाऊ ब्रॅम्प्टनला आहे ना, मग आपणही ब्रॅम्प्टनलाच. पहिल्या काही आठवड्यांपुरते हे ठीकच आहे. पण बघता बघता मुलांची नावे तिथल्या शाळेत घातली जातात, घराचा वर्षाचा करार होतो आणि आपण कधी घेतलाच नव्हता तो निर्णय पक्का होऊन बसतो.

कॅनडा आकाराने भारताच्या तिप्पट. तरीही २०२१ च्या जनगणनेनुसार, आधीच्या पाच वर्षांत आलेल्या नवागतांपैकी सुमारे ३० टक्के एकट्या टोरांटो महानगरात राहिले. मॉन्ट्रियल आणि व्हँकुव्हर यांचा वाटा प्रत्येकी सुमारे १२ टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसे तीन शहरांत! याला कारणेही आहेत. नोकऱ्या तिथे अधिक, बसगाड्या-रेल्वे आहेत, डाळ-पिठापासून देवळापर्यंत सगळे मिळते. टोरांटोत मराठी भाषिक मंडळ आहे. ब्रॅम्प्टनमध्ये तर निम्म्याहून अधिक लोकवस्ती दक्षिण आशियाई मुळाची. नव्या देशात आपली भाषा कानावर पडणे ही काही लहान गोष्ट नव्हे, तिला नाके मुरडण्याचे कारण नाही.

मात्र एक गोष्ट आपल्याकडे सहसा लक्षात घेतली जात नाही. कॅनडात अनेक व्यवसायांचे परवाने देशाचे नसतात, प्रांताचे असतात. डॉक्टर, नर्स, शिक्षक, इंजिनिअर, प्रत्येकाला आपापल्या प्रांताच्या नियामक संस्थेकडे नोंदणी करावी लागते, आणि संस्था बदलली की नियम बदलतात.

समजा, नाशिकचे एक जोडपे आहे. तो मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, ती इस्पितळात नर्स. अर्ज त्याच्या नावावर, म्हणून गाव त्याच्या नोकरीच्या हिशेबाने ठरते. मोटारींचे कारखाने ऑन्टारिओत, तेव्हा ऑन्टारिओ. त्याच्या बाजूने हे चुकीचे नाही. ऑन्टारिओच्या इंजिनिअरांच्या संस्थेने २०२३ मध्ये ‘एक वर्ष कॅनडातलाच अनुभव हवा’ ही अट काढून टाकली. शिवाय अनुभवी परवानाधारकाच्या देखरेखीखाली परवान्याशिवायही काम करता येते. नर्सला मात्र ही सोय नाही. नोंदणी नाही, तर नर्स म्हणून काम नाही. आता नोव्हा स्कोशिया प्रांताकडे बघा. तिथल्या नर्सिंगच्या संस्थेने २०२३ मध्येच सात देशांतल्या नोंदणीकृत नर्सेससाठी रस्ता बराच सोपा केला, आणि त्या सातांत भारत आहे. म्हणजे या जोडप्यासाठी हॅलिफॅक्सचा विचार तरी व्हायला हवा. तो होत नाही, कारण हॅलिफॅक्सला ओळखीचे कोणी नसते. मग ती बाई एखाद्या दुकानात उभ्याने आठ तास काम करते. ‘तात्पुरते’ म्हणून धरलेल्या त्या कामात तीन-चार वर्षे निघून जातात आणि मधल्या काळात हातात नर्सिंगचा ताजा अनुभव उरत नाही. पुढे नोंदणीच्या वेळी हीच गोष्ट आडवी येऊ शकते. गाव निवडताना दोघांचीही कागदपत्रे टेबलावर मांडली पाहिजेत, आणि ज्याचा परवाना मिळायला अधिक कठीण, त्याचा विचार आधी झाला पाहिजे, असे माझे मत आहे.

खर्चाचेही तसेच. टोरांटो आणि व्हँकुव्हरची घरभाडी देशातल्या सर्वात चढ्या भाड्यांत मोडतात, म्हणून पुष्कळ नवी कुटुंबे तळघरातल्या खोल्यांत सुरुवात करतात. ऑन्टारिओत मोटारीचा विमा खासगी कंपन्या देतात आणि हप्ता तुमच्या पिनकोडवरूनही ठरतो, त्यात ब्रॅम्प्टन महागाबद्दल प्रसिद्ध. मॅनिटोबा आणि सस्कॅचवानमध्ये मूळ विमा सरकारी महामंडळाचा. अल्बर्टात प्रांताचा विक्रीकर नाही, केंद्राचे ५ टक्के तेवढे. ऑन्टारिओत दोन्ही मिळून १३. अर्थात स्वस्त भाड्याच्या विनिपेगमध्ये जानेवारीच्या रात्री पारा उणे वीसच्या आसपास असतो आणि गाडीचे इंजिन गोठू नये म्हणून ती रात्रभर विजेच्या प्लगला जोडून ठेवावी लागते. व्हँकुव्हरला बर्फ कमी, पण हिवाळाभर पाऊस. कोकणातल्या माणसाला तो चालेल, पण तिथले भाडे चालेलच असे नाही!

लहान प्रांतांना माणसे हवी असतात. म्हणून १९९८ पासून प्रांतांनी आपल्या गरजेनुसार उमेदवारांची शिफारस करण्याची योजना सुरू झाली. मॅनिटोबाने तिचा पहिल्यापासून मोठा उपयोग करून घेतला. आता या शिफारशींचा कोटा दरवर्षी बदलतो. २०२५ साठी केंद्राने तो आधीच्या वर्षाच्या निम्म्यावर आणला होता. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राचा अनुभव आज जसाच्या तसा लागू पडेल, असे धरू नये. क्वेबेकची गोष्ट वेगळी. तो प्रांत आपले स्थलांतरित बव्हंशी स्वतः निवडतो आणि तिथे फ्रेंचशिवाय निभाव लागणे कठीण.

इथे काही सल्लागार हळूच सांगतात, ‘शिफारस लहान प्रांताची घ्या आणि उतरा थेट टोरांटोला.’ हे ऐकू नये. १९८२ च्या हक्कांच्या सनदेने कायम रहिवाशाला कुठल्याही प्रांतात जाऊन पोट भरण्याचा हक्क दिला आहे, हे खरे. पण शिफारस घेताना ‘मी याच प्रांतात राहणार’ असे तुम्ही लिहून दिलेले असते. तो हेतू मुळातच खोटा होता असे ठरले, तर दिशाभुलीच्या कलमाखाली पाच वर्षांची प्रवेशबंदी येऊ शकते. प्रामाणिकपणे राहून पाहिले, काम मिळाले नाही आणि मग हललात, तर ती बाब निराळी. अशा वेळी नोकरीसाठी केलेले अर्ज, आलेली उत्तरे, भाड्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

प्रांत बदलताना आरोग्य कार्डही बदलावे लागते. ब्रिटिश कोलंबियासारख्या प्रांतात नवे कार्ड लागू व्हायला तो महिना आणि पुढचे दोन महिने जातात. देशातल्या देशात हलणाऱ्याला तेवढ्या काळात जुन्या प्रांताचे संरक्षण चालू राहते, म्हणून जुने कार्ड फेकू नये आणि नव्या प्रांतात पोचल्याबरोबर अर्ज द्यावा. भारतातून थेट तिथे उतरणाऱ्याला मात्र या मधल्या महिन्यांसाठी खासगी विमा निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो.