सारा-१ : मुसोलिनीच्या बंदरात शिकलेले ज्यू खलाशी

(एपिसोडची लिखित आवृत्ती. बोलण्याच्या ओघात आलेलं थोडं कमी-जास्त केलंय.)

हेडफोन लावून लोकलमध्ये उभे असाल तर आधी नीट दांडी पकडा, आज आपण समुद्रावर जाणार आहोत.

२०२४ च्या शेवटी इटालियन नौदलाचं 'अमेरिगो वेस्पुची' हे शिडाचं जहाज मुंबईत आलं होतं. त्याच्या रील्स तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिल्या असतील. हे जहाज १९३१ साली पाण्यात उतरलं आणि आजही त्यावर कॅडेट शिकतात. त्याच दशकात, त्याच देशात, आणखी एक प्रशिक्षणाचं शिडाचं जहाज होतं, 'सारा-१'. त्यावरचे कॅडेट मात्र ज्यू होते. आणि त्यांना इटलीत शिकायची परवानगी होती साक्षात मुसोलिनीच्या सरकारची.

हो, बरोबर वाचलंत. फॅसिस्ट मुसोलिनी. आता हे घडलं कसं, ते बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी

१९२३ साली लाटव्हियातल्या रिगा शहरात 'बेतार' नावाची ज्यू युवक संघटना सुरू झाली. तिचे नेते झेएव जाबोटिन्स्की. पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं राज्य हवं, आणि त्यासाठी तरुणांनी शिस्त आणि शस्त्रं दोन्ही शिकली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा पॅलेस्टाईन ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. तिथे बहुसंख्य लोक अरब होते आणि त्यांचा या कल्पनेला कडवा विरोध होता.

जाबोटिन्स्कींचा हिशोब असा, की उद्या देश झालाच तर त्याला बंदरं लागणार, जहाजं लागणार. ती चालवणार कोण? पण ज्याला देशच नाही, त्याला नौदल अकादमी कुठून मिळणार?

उत्तर मिळालं इटलीत. रोमपासून साधारण ७० किलोमीटरवर चिवितावेक्किया नावाचं बंदर आहे. तिथे १९३४ साली बेतारची नौदल शाळा सुरू झाली. नावाला प्रमुख होते निकोला फुस्को हे इटालियन. प्रत्यक्षात सगळा गाडा ओढत होते बेतारचे यिर्मियाहू हाल्पर्न. युरोपातून, पॅलेस्टाईनमधून, अगदी दक्षिण आफ्रिकेतूनही पोरं आली.

मुसोलिनीला यात काय मिळत होतं? भूमध्य समुद्र म्हणजे 'आपला समुद्र' असं तो म्हणायचा, आणि त्या समुद्रात ब्रिटिश नौदल त्याला खुपत होतं. ब्रिटिशांवर नाराज असलेला कुठलाही गट त्याला उपयोगाचाच होता.

शिडाचंच जहाज का?

१९३० च्या दशकात इंजिनाची जहाजं सगळीकडे होती. मग शिडावर शिकायचं कशाला? हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर आपल्याच नौदलात आहे. गोव्यात बांधलेलं, १९९७ पासून सेवेत असलेलं 'तरंगिणी' हे जहाज याच कामासाठी आहे.

इंजिन असलं की बटण दाबलं, निघालो. शिडावर तसं नसतं. वारा फिरला की डोलकाठीवर चढायचं, शीड आवळायचं, दोर ओढायचे, आणि हे एकट्याने होतच नाही. रात्रीचे पहारे असतात. सूर्य-ताऱ्यांचे कोन मोजून आपण कुठे आहोत ते काढायचं असतं. कोडिंग शिकताना आधी लायब्ररी न वापरता सगळं हाताने लिहायला लावतात ना, तसंच काहीसं. समुद्र कसा वागतो ते अंगात मुरतं.

१९३७ मध्ये 'सारा-१' भूमध्य समुद्र ओलांडून हैफा बंदरात पोहोचलं. ज्यू कॅडेट असलेलं जहाज ब्रिटिशांच्या ताब्यातल्या बंदरात शिरतंय, त्या पोरांना काय वाटलं असेल, विचार करा.

आता अवघड भाग

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान प्रेरणादायी झाली असती. पण ती अर्धीच झाली असती.

ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला. त्या युद्धात इटालियन फौजांनी विषारी वायू वापरला. आणि चिवितावेक्कियातले कॅडेट काय करत होते? ते इटालियन सैनिकांबरोबर युद्धाच्या समर्थनार्थ मोर्चात चालले. शस्त्रांच्या कारखान्यांसाठी त्यांनी भंगार धातू गोळा केला. स्थानिक राजकारणात पडू नका, असं जाबोटिन्स्कींनी त्यांना बजावलं होतं. तरीही.

मला ही मुलं खलनायक वाटत नाहीत. विशीतली पोरं, परका देश, आणि ज्याने दार उघडलं त्याच्याविषयी कृतज्ञता. पण त्या कृतज्ञतेची किंमत इथिओपियातले लोक मोजत होते, हेही तितकंच खरं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक गोष्ट पक्की माहीत असते. दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर फुकटात सगळं उभं केलं, की एक दिवस त्याच्या अटी बदलतात. इथेही तेच झालं. १९३६ मध्ये रोम आणि बर्लिन जवळ आले. सप्टेंबर १९३८ मध्ये इटलीने वंशभेदाचे कायदे आणले. ज्यू मुलांना शाळांतून काढलं आणि बाहेरून आलेल्या ज्यूंना देश सोडायला सांगितलं. बेतारची शाळा १९३८ पर्यंत बंद पडलेली होती. ज्या सरकारसाठी भंगार गोळा केलं, त्याच सरकारने दार लावून घेतलं.

मग उरलं काय?

विद्या उरली. शाळेतून शंभराहून जास्त कॅडेट तयार झाले, आणि १९४८ नंतर त्यांतले काही इस्रायली नौदलात अधिकारी झाले. दोर कसा ओढायचा, वारा कसा ओळखायचा, हे कुठलाही कायदा काढून घेऊ शकला नाही.

म्हणून मला ही गोष्ट एका वाक्यात सांगता येत नाही. जिद्द खरी होती, शिक्षण खरं होतं, आणि मोर्चाही खरा होता. तुमच्यासमोर अशी संधी आली असती, शिकवणारा चुकीचा पण दुसरं दारच नाही, तर तुम्ही काय केलं असतं? आणि शिकायला गेला असतात, तर मोर्चात चालला असता का? कमेंटमध्ये नक्की लिहा, पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला निवडक उत्तरं वाचून दाखवतो.

तोपर्यंत ऐकत राहा, आणि हो, स्टेशन आलं असेल तर उतरा!