मावशीची जीभ आणि कलम २९५-अ

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. खांबलिंगेश्वराच्या दर्शनाची रांग, बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकाने आणि रात्री तमाशाच्या कनाती. शहापूर-मुरबाडची माणसे तर असतातच, घाटावरूनही लोक उतरतात. तमाशाच्या रिवाजाप्रमाणे सुरुवात देवादिकांनीच होते. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गवळण. दूध-लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची म्होरकी मावशी म्हणजे लुगडे नेसलेला पुरुष, आणि वाट अडवून दाण मागणारा कृष्ण. सोबतीला लंगडा पेंद्या.

मावशी देवाला सोडत नाही. पेंद्याने मोठ्या तोऱ्यात आपल्या देवाची ओळख करून द्यावी आणि हिने त्याच्या काळ्या रंगापासून लोणीचोरीपर्यंत सगळा पंचनामा करावा. दाण मागितले की पावती मागावी, टोलनाक्याचा दाखला विचारावा. समोर बसलेला गळ्यात माळ घातलेला म्हाताराही पोट धरून हसतो आणि सकाळी देवळात जाऊन हात जोडतो. त्याच्या भावना दुखावत नाहीत, कारण मावशी घरातलीच आहे. ती भांडते देवाशी, पण शेवटी गौळणींबरोबर त्याच्याच पायाशी येते.

या थट्टेला धार आली ती वेगळ्या वाटेने. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले. अडाणी कुणबी जोडप्याला ग्रहदशेची भीती घालून लुबाडणारा जोशी आणि मध्येच तोंड घालून त्याचे पितळ उघडे पाडणारा विदूषक, असे ते नाटक. पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच साचा उचलला आणि देवाच्या नावावर चालणाऱ्या दलालीची टिंगल गावोगाव नेली. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांच्या आंबेडकरी जलशांनी तीच परंपरा पुढे चालवली. इथे हसू देवावर नव्हते, त्याच्या मध्यस्थांवर होते. चिडले ते मध्यस्थच.

हसण्यावरून थेट बॉम्बपर्यंत मजल गेली तीही याच ठाणे जिल्ह्यात. संतोष पवार यांच्या ‘आम्ही पाचपुते’ या विनोदी नाटकात महाभारताचे विडंबन होते. ३१ मे २००८ रोजी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला, तो निकामी करण्यात आला. ४ जूनला ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या वाहनतळात मात्र स्फोट झाला. सात जण जखमी झाले. २०११ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने सहा आरोपींपैकी दोघांना दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली, चौघांची निर्दोष मुक्तता केली.

मग कायदा रेघ कुठे ओढतो? लाहोरात ‘रंगीला रसूल’ या पुस्तिकेवरून वादळ उठले, प्रकाशक उच्च न्यायालयातून सुटला आणि त्यापाठोपाठ १९२७ मध्ये इंग्रज सरकारने दंडसंहितेत कलम २९५-अ घातले. आज भारतीय न्याय संहितेत तेच कलम २९९ आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण त्यातली कळीची अट बहुतेकांना ठाऊक नसते: अपमान बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेला असला पाहिजे. रामजीलाल मोदी खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले, पण सहज, अजाणता किंवा दुष्ट हेतूवाचून झालेला अपमान त्यात बसत नाही, हेही सांगितले. शिवाय सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यायालय अशा गुन्ह्याची दखल घेत नाही. आणि १९८९ च्या एस. रंगराजन खटल्यात न्यायालयाने सरकारलाही बजावले की जमाव खवळेल या धाकाने कलाकृती दडपता येणार नाही. जमाव आवरणे हे सरकारचेच काम.

कागदावर हे सारे ठीक. प्रत्यक्षात खटल्याचा निकाल लागण्याआधीच कोठडीची शिक्षा भोगून होते. मुनव्वर फारुकी हा विनोदवीर १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरला पकडला गेला. त्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला तो ५ फेब्रुवारीला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमतीवर विद्यार्थ्यांचे नाटक चालू होते. ते बंद पाडले गेले आणि अटक झाली ती विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना. दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला खरा, पण प्रयोग मोडला तो मोडलाच.

कनातीतला प्रेक्षक तिकीट काढून येतो, गण ऐकतो, मावशीचा सूर ओळखतो. त्याला एखादा टोमणा झोंबला तर तो उठून जातो, नाहीतर तिथल्या तिथे ओरडून जाब विचारतो. मावशीही हजरजबाबी असते, ती सांभाळून घेते. आता हाच टोमणा मोबाइलवर अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात कापून शहापूरचा कासाऱ्याला आणि कासाऱ्याचा नागपूरला जातो. गण गळून पडतो, शेवटचे लोटांगण गळून पडते, उरते फक्त शिवीसारखे दिसणारे एक वाक्य. दुखावतो तो बहुधा प्रयोग न पाहिलेला माणूस.

याचा अर्थ विनोदाला सगळे माफ, असा नाही. दुबळ्या जमातीला ठरवून हिणवणारा, तिच्यावर माणसे घालणारा मजकूर विनोदाचा मुखवटा घालून आला तरी विनोद ठरत नाही. त्यासाठी कायदा आहे, तो वापरावा. ज्याला थट्टा नुसती खटकली त्याने टीका लिहावी, निषेध करावा, जमल्यास सवाई वग रचावा. प्रयोग उधळणाऱ्याला मात्र पोलिसांनी मांडवाबाहेर काढले पाहिजे. आज होते उलटेच: बाहेर निघतो तो मावशीचा नट, आणि पुढच्या जत्रेत कमिटी फक्त लावण्यांचाच कार्यक्रम ठरवते.