मासळी न विकणारा मासेमार
अमेरिकेतील रोग नदीवरच्या गाईडचा धंदा आणि त्याचा हिशेब

धंदा म्हटला की माल आला, असे आपण धरून चालतो. माल आणायचा, त्यावर मेहनत करायची किंवा आपला नफा चढवायचा आणि गिऱ्हाइकाला द्यायचा. पण असाही एक धंदा आहे ज्यात गिऱ्हाईक पहाटेच्या अंधारात येते, दिवसाचे पाचशे-सातशे डॉलर मोजते, संध्याकाळी कित्येकदा रिकाम्या हाताने परत जाते आणि जाता जाता पुढच्या वर्षीची तारीख ठरवून जाते. हा धंदा म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नद्यांत सॅमन आणि स्टीलहेड या माशांच्या शिकारीला लोकांना घेऊन जाणाऱ्या गाईडचा.

आमच्या वाचकांपैकी फार थोडे जण त्या नद्या पाहतील. तरीही या धंद्याची माहिती आम्ही देत आहोत, कारण भांडवल कशाला म्हणावे आणि ते कसे राखावे, याचा धडा यात आहे.

मासा भुकेला नसतो

पॅसिफिक महासागराला मिळणाऱ्या थंड पाण्याच्या नद्यांत सॅमन जन्मतो. लहानपणीच तो समुद्रात जातो, तेथे काही वर्षे वाढतो आणि अंडी घालण्यासाठी आपल्या जन्माच्या नदीत परत येतो. नदीच्या पाण्याचा वास ओळखून तो वाट काढतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. या सॅमनच्या जातींत सर्वांत मोठा चिनूक. त्याला 'किंग' म्हणजे राजा असेही म्हणतात. अंडी घातल्यावर चिनूक मरतो. स्टीलहेड हा खरे तर समुद्रात जाऊन आलेला रेनबो ट्राउट मासा. अंडी घातल्यावरही त्यातील काही जगतात, समुद्रात परततात आणि पुन्हा नदीत येतात.

धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की नदीत शिरलेला सॅमन खाणे जवळजवळ सोडून देतो. पोटात भूक नसलेल्या माशाला गळ घ्यायला लावायचा म्हणजे पाणी किती चढले, किती गढूळ आहे, किती थंड आहे, मासा कोणत्या खडकाच्या आडोशाला थांबला असेल, हे सारे ठाऊक असावे लागते. शहरातून दोन दिवसांची सुटी काढून आलेल्या माणसाला ते ठाऊक नसते. गाईड विकतो ते हे ज्ञान.

जाळ्याचे दिवस

उदाहरणादाखल आम्ही ऑरेगॉन राज्यातील रोग नदी घेतली आहे. नावावर जाऊ नये. आपल्या भाषेत या शब्दाचा अर्थ भलता. इंग्रजीत तो लबाड, बदमाश असा आहे. फ्रेंच फरवाल्यांनी तेथील मूळ रहिवाशांवरून हे नाव ठेवले. त्या रहिवाशांना १८५५-५६ च्या लढाईनंतर आपली नदी सोडून दूरच्या राखीव वसाहतींत जावे लागले. पुढे या नदीवर ज्यांनी पैसा मिळवला, त्यांच्या कहाणीच्या आधीचे हे पान विसरता कामा नये.

ही नदी क्रेटर लेकजवळच्या डोंगरांत उगम पावते आणि सुमारे ३४५ किलोमीटर वाहून गोल्ड बीच गावाजवळ समुद्राला मिळते. १८७० च्या दशकात तिच्या मुखाशी रॉबर्ट ह्यूम या कारखानदाराने मासळी डबाबंद करण्याचा धंदा उभा केला. दोन्ही तीरांवरच्या जमिनी त्याने घेतल्या आणि १९०८ मध्ये मरेपर्यंत तो तेथील सॅमनचा राजा होऊन राहिला. पण डोळे मिटून नदी उपसणारा तो नव्हता. मासे कमी होतील हे जाणून त्याने १८७७ मध्येच अंडी उबवून पिल्ले नदीत सोडण्याचे केंद्र काढले होते.

तरी मुखाशी जाळी आणि वरच्या अंगाला गळ टाकणारे हौशी लोक, असे भांडण सुरू झालेच. १९१० मध्ये लोकांच्या मतदानाने जाळ्यांची मासेमारी बंद झाली, १९१३ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि अखेर १९३५ मध्ये कायद्याने कायमची थांबली.

या बदलाचा माणूस म्हणून ग्लेन वूल्ड्रिज याचे नाव घेतले जाते. तोही आधी जाळ्याने सॅमन पकडून विकणारा. १९१५ मध्ये त्याने आणि कॅल ॲलन या साथीदाराने ग्रँट्स पास गावापासून समुद्रापर्यंतचा खडकाळ प्रवाह होडीतून पार केला. त्यानंतर तो गिऱ्हाइके घेऊन जाऊ लागला. वाटेतले अडचणीचे खडक त्याने सुरुंग लावून फोडले. १९४७ मध्ये तर मोटार लावलेली होडी त्याने प्रवाहाविरुद्ध वर चढवून दाखवली. ज्या नदीचा मासा विकून तो जगत होता, त्याच नदीची वाट दाखवून तो अधिक चांगला जगला. धंदा बुडाला असे म्हणत तो बसला नाही, की नदी सोडून गेला नाही.

होडी घडवणारे हात

आमच्या कारागीर बंधूंना या धंद्यातील होडीची गोष्ट आवडेल. तिला ड्रिफ्ट बोट म्हणतात. तळ सपाट, दोन्ही टोके वर उचललेली, बाजू बाहेर झुकलेल्या. लांबी सुमारे सोळा-सतरा फूट. पाण्यावर ती इतकी हलकी बसते की वल्ह्याच्या एका ओढीत जागच्या जागी फिरते. हिची घडण ऑरेगॉनमधीलच मॅकेंझी नदीवर झाली. १९२० ते १९५० या काळात व्हेल्टी प्रुइट, टॉम कारहूस आणि वुडी हिंडमन या मंडळींनी एकामागून एक सुधारणा केल्या. गाईडने नदीवर होडी चालवावी, कुठे अडते ते सुताराला सांगावे आणि सुताराने पुढच्या होडीत ते सुधारावे, असा तो व्यवहार होता. जड फळ्या गेल्या, प्लायवूड आले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रोग नदीच्याच खोऱ्यात विली इलिंगवर्थ याने ॲल्युमिनियमच्या होड्या बनवल्या आणि खडकावर आपटून लाकूड फुटण्याची भीती बरीच कमी झाली.

गळाच्या काठ्या जोडणारे, पिसे आणि दोऱ्यांपासून माशीसारखी आमिषे बांधणारे, वल्ही तासणारे, असे कितीतरी हुन्नरी लोक या धंद्याच्या आधाराने पोट भरतात. गाईड स्वतः एकटा दिसतो, पण त्याच्या मागे ही सारी आळी उभी असते.

एका दिवसाची फेरी

गिऱ्हाईक उजाडण्याआधी धक्क्यावर येते. गाईड त्याहून आधी उठलेला असतो. काठ्या, आमिष, जेवण, पाण्यावर तरंगवणारी जाकिटे, सारे त्याचे. गिऱ्हाइकाने फक्त सरकारी परवाना आणि गरम कपडे आणायचे. होडीत पुढे दोन गिऱ्हाइके, मध्ये वल्ह्यावर गाईड. तो प्रवाहाच्या दिशेने तोंड करून बसतो आणि वल्ही उलटी मारत होडीचा वेग रोखून धरतो. होडी पाण्यापेक्षा हळू उतरते आणि आमिष तिच्या पुढे, माशाच्या तोंडासमोर नाचत राहते. दिवसभर असे प्रवाहाला अडवून धरणे हे खांद्याचे काम आहे.

आमिष म्हणून बऱ्याचदा सॅमनचीच गाबोळी वापरतात. मीठ, साखर वगैरे लावून ती मुरवण्याची प्रत्येक गाईडची आपली रीत असते आणि ती तो सहजासहजी कुणाला सांगत नाही. आपल्याकडे जुने हलवाई किंवा अत्तरवाले जसे आपले प्रमाण सांगत नाहीत, तसाच हा प्रकार.

होडी सकाळी एका धक्क्यावर सुटते आणि दुपारी कित्येक मैल खाली दुसऱ्या धक्क्याला लागते. मग गाईडची गाडी तेथे कशी पोहोचते? यासाठी गावातील काही लोक फक्त गाड्या पोहोचवण्याचेच काम करतात. गाईड किल्ली ठेवून जातो, तो उतरतो तेव्हा गाडी हजर असते. एका धंद्याच्या गरजेतून दुसरा धंदा कसा निघतो, याचे हे लहानसे पण नीटस उदाहरण आहे.

हिशेबाची वही

दोन माणसांच्या पूर्ण दिवसाच्या फेरीला आज साधारणपणे ५०० ते ७०० डॉलर पडतात. म्हणजे आपल्या पन्नास हजार रुपयांच्या आसपास. वर बक्षिसी देण्याची प्रथा आहे. आकडा मोठा वाटतो. पण त्यातून होडी, गाडी, इंधन, आमिष, जेवण, विमा, परवान्याची फी आणि गाडी पोहोचवणाऱ्याची मजुरी वजा करावी लागते. शिवाय पाऊस होऊन नदी गढूळ झाली की दिवस फुकट जातो आणि घेतलेला विसार परत करायचा किंवा तारीख पुढे ढकलायची, हा प्रश्न येतो.

रोग नदीचे वैशिष्ट्य असे की तिथे हंगाम एकच नसतो. वसंतात चिनूक येतो. उन्हाळा सरता सरता मुखाजवळ दुसरा चिनूक जमू लागतो. त्याच सुमारास समुद्रात थोडेच महिने राहून परतलेले लहान स्टीलहेड येतात. त्यांना तिथे 'हाफ पाउंडर' म्हणतात. आणि हिवाळ्यात मोठा स्टीलहेड. गाईड आपली वर्षाची वही या माशांच्या येण्याजाण्यावर लिहितो. एक हंगाम फसला तर दुसरा हात देतो.

शब्दाची किंमत

जाणता गाईड मासा मिळेलच असे कधीही सांगत नाही. नदी कशी आहे, काल काय मिळाले, परवा का मिळाले नाही, हे खरे सांगतो. फोनवर गोड बोलून गिऱ्हाईक बोलावणाऱ्याला एक हंगाम मिळतो. खरे बोलणाऱ्याकडे लोक पुढे मुलाबाळांना घेऊन येतात. गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेला दिवस ही त्याच्याकडे ठेवलेली अमानत आहे, हे तो ओळखतो.

सरकारचे नियमही कडक आहेत. ऑरेगॉनमध्ये प्रत्येक गाईडला राज्याच्या सागरी मंडळाकडे नोंद करावी लागते, विमा आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण दाखवावे लागते. मोटारीच्या होडीतून नौकावहनाच्या पाण्यात गिऱ्हाइके नेणाऱ्याला केंद्र सरकारच्या तटरक्षक दलाचाही परवाना लागतो. पकडून ठेवलेला प्रत्येक सॅमन आणि स्टीलहेड गिऱ्हाइकाने आपल्या कार्डावर तिथल्या तिथे नोंदवायचा. केंद्रात वाढवलेल्या पिल्लांच्या पाठीवरचा शेपटीजवळचा लहान पर कापलेला असतो. तो कापलेला असेल तर मासा ठेवता येतो. अखंड असेल, म्हणजे मासा नदीतच जन्मलेला असेल, तर बहुतेक ठिकाणी स्टीलहेड परत सोडावा लागतो.

सोडायचाच तर पकडायचा कशाला, असा प्रश्न वाचकांना पडेल. तो तिकडेही विचारला जातो आणि त्यावर वादही आहे. गाईड मंडळींचे उत्तर असे की आज सोडलेला मासा अंडी घालेल, तरच उद्या होडी पाण्यात पडेल.

नदीच रुसली तर

हे उत्तर नुसते बोलण्यापुरते नाही, हे अलीकडच्या वर्षांनी दाखवले. अलास्कातील केनाई नदी मोठ्या चिनूकसाठी जगभर प्रसिद्ध. १९८५ मध्ये तेथे गळावर पकडलेला ९७ पाउंडांचा, म्हणजे ४४ किलोंचा मासा आजही विक्रम म्हणून सांगितला जातो. पण तेथे चिनूक घटत गेला आणि २०२३, २०२४ व २०२५ या वर्षी त्याची शिकार बंद ठेवावी लागली. ज्या राजाच्या नावावर होड्या भरत, तोच नाही म्हटल्यावर गाईडांना सॉकाय आणि कोहो या इतर सॅमनवर आणि ट्राउटवर दिवस काढावे लागले. कॅलिफोर्नियात तर २०२३ आणि २०२४ मध्ये समुद्रातली आणि नद्यांतली सॅमनची मासेमारी दोन्ही बंद होती. वल्ही होती, होडी होती, हात तयार होते. फक्त भांडवल नव्हते.

कारणे अनेक आहेत. धरणांनी अडवलेली वाट, तापलेले पाणी, दुष्काळ, समुद्रात बदललेले हवामान आणि अन्न. त्यातले धरणांचे कारण माणसाच्या हातातले होते. रोग नदीवर ग्रँट्स पासजवळचे १९२१ चे सॅव्हेज रॅपिड्स धरण २००९ मध्ये पाडण्यात आले. शेतकऱ्यांचे पाणी तोडले नाही, धरणाऐवजी पंप बसवून दिले. पुढच्या वर्षी गोल्ड रे धरण गेले. आता वरच्या लॉस्ट क्रीक धरणापासून समुद्रापर्यंत १५७ मैल नदी मोकळी वाहते. शेजारच्या क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ मध्ये पाडून झाली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, शंभराहून अधिक वर्षांनी, चिनूक धरणांच्या जागा ओलांडून ऑरेगॉनपर्यंत वर पोहोचला. वाट मोकळी होताच मासा आला.

आपण काय घ्यावे

या धंद्याकडे पाहून आम्हाला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, माल विकून जितके मिळते त्याहून अधिक कधी कधी त्या मालाच्या जाणकारीचे मिळते. वूल्ड्रिजने जाळे ठेवले आणि वल्हे धरले. नदी तीच राहिली. आपल्या हातात जो हुन्नर आहे, त्याची जाणकारी कुणाला हवी आहे का, हे प्रत्येक कारागिराने एकदा स्वतःला विचारून पाहावे.

दुसरी गोष्ट जुनीच. गल्ल्यातला नफा खावा, भांडवल खाऊ नये. गाईडचे भांडवल म्हणजे त्याची होडी, असे वरवर वाटते. होडी तो कर्ज काढूनही घेईल. त्याचे खरे भांडवल पाण्याखाली, डोळ्यांआड पोहत असते आणि ते एकट्या त्याच्या मालकीचे नसते. विणकराचे पाणी, चर्मकाराचे कातडे, सुताराचे लाकूड यांचेही तसेच आहे. जे सर्वांचे आहे ते सर्वांनी राखले, तरच प्रत्येकाची होडी उद्या पाण्यात पडेल.