जुन्या सीएनसी मिलिंगचा अ‍ॅक्सिस जाम झाला तर

भोसरी, वाळूज किंवा कोल्हापूरची शिरोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा. छोट्या कारखान्यात एखादी तरी जुनी, दुसऱ्या हाताने घेतलेली सीएनसी मिलिंग मशीन हमखास दिसते. नवी मशीन घेण्याची ऐपत नसते आणि हाताच्या मशीनवर मोठ्या कंपनीचे काम मिळत नाही. मग कर्ज काढून जुनी मशीन आणली जाते. ती चालते तोवर बरकत असते. पण एके सकाळी टेबल जागचे हलत नाही, पडद्यावर लाल अक्षरांत अलार्म येतो आणि मालकाच्या पोटात गोळा उठतो. माल वेळेवर गेला नाही तर ऑर्डर जाते आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

अशा वेळी घाबरून ड्राईव्ह किंवा मोटर बदलायला काढणे ही सर्वांत महाग चूक ठरते. आधी दोष शोधावा, मगच खर्चाला हात घालावा.

अलार्म काय सांगतो?

कंट्रोल मोटरला ‘अमुक जागी जा’ असा हुकूम देतो आणि एन्कोडर ‘मी इथे पोचलो’ अशी खबर परत देतो. या दोन्हींतले अंतर ठरलेल्या मर्यादेपेक्षा वाढले की कंट्रोल मशीन थांबवतो. फानूकच्या झिरो मालिकेच्या मिलिंग कंट्रोलवर एक्स अ‍ॅक्सिससाठी 410 किंवा 411 नंबर येतो, वायसाठी 420 किंवा 421. या नंबराचा अर्थ ‘अ‍ॅक्सिस जागेवर पोचला नाही’ एवढाच. तो का पोचला नाही, हे नंबर सांगत नाही. काही जण पॅरामीटरमध्ये मर्यादा वाढवून अलार्म दाबून टाकतात. तसे करू नये. दोष आतच राहतो आणि पुढे मोटर किंवा स्क्रू खातो.

पहिला प्रश्न: दोष यंत्राचा की विजेचा?

आधी सोपे पाहावे. टेबल लिमिट स्विचवर जाऊन अडकले आहे का? टेलिस्कोपिक कव्हरखाली बुरादा कोंबला आहे का? त्यानंतर मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे. ड्राईव्हमधली साठलेली वीज उतरायला निदान दहा मिनिटे द्यावीत. मग मोटर आणि बॉलस्क्रू यांच्यामधले कपलिंग सोडावे. सोडण्यापूर्वी दोन्ही भागांवर रंगाची खूण करावी, नाहीतर होम पोझिशन सरकते. जोडल्यावरही होम तपासूनच काम सुरू करावे.

आता स्क्रू हाताने फिरवा. स्क्रू जड लागत असेल तर दोष यंत्रात आहे. स्क्रू हलका असून मोटरचा शाफ्ट जड लागत असेल, तर मोटरचे बेअरिंग तपासावे, आणि ब्रेक असेल तर तोही. दोन्ही हलके असतील तर केबल, ड्राईव्ह किंवा एन्कोडरकडे वळावे. जुन्या डीसी मोटरमध्ये कार्बन ब्रश झिजले आहेत का, हेही पाहावे. एक्स आणि वायचे ड्राईव्ह अगदी एकाच मॉडेलचे असतील, तर जाणकाराकडून ते अदलाबदल करून पाहता येतात. दोष ड्राईव्हबरोबर दुसऱ्या अ‍ॅक्सिसवर गेला, तर चोर सापडला.

सावधान: झेड अ‍ॅक्सिसला हा प्रयोग तसाच करू नका. अनेक मशीनवर हेड मोटरच्या ब्रेकवरच तोललेले असते. कपलिंग सुटले की हेड खाली येते आणि हात चिरडतो. आधी हेडखाली मजबूत लाकडी ठोकळा लावावा.

बहुधा दोष इथेच असतो

स्क्रू जड लागला तर पहिला संशय तेलावर घ्यावा. स्लाईडला तेल पोचवणाऱ्या बारीक मीटरिंग काड्या कचऱ्याने बुजतात. टाकीतले तेल महिनाभर उतरत नसेल तर बचत झाली म्हणून आनंद मानू नका, तेल स्लाईडपर्यंत जातच नाही. बुजलेली काडी साफ करत न बसता बदलावी. ती स्वस्त असते. तेलही मशीनच्या पाटीवर लिहिलेलेच वापरावे. स्लाईडवे तेलाच्या जागी हायड्रॉलिकचे किंवा जुने काळे तेल घालणे म्हणजे चार पैसे वाचवून मशीन मारणे.

दुसरा संशय जिबवर. जुन्या मशीनवर वर्षानुवर्षे काम टेबलाच्या मधल्या भागात झालेले असते. तिथे स्लाईड झिजते. मग ढिलेपणा काढण्यासाठी कोणीतरी मध्यावर जिब आवळतो आणि टेबल टोकाला गेले की जाम होते. स्क्रू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहा. मध्ये हलका आणि टोकाला जड, तर हेच कारण. जिब टोकाच्या मापाने लावावी. खरा इलाज मात्र स्लाईडचे स्क्रेपिंग हाच आहे आणि ते हात बसलेल्या उस्तादाचेच काम आहे.

जिब सैल करूनही स्क्रू जडच राहिला, तर नट किंवा थ्रस्ट बेअरिंग गेले असे समजावे. खडखड किंवा खरखर हाताला जाणवतेच.

विकत घेताना

जुनी मशीन पाहायला जाल तेव्हा तिन्ही अ‍ॅक्सिस या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालवून घ्या आणि लोडमीटरचा काटा पाहा. तो एका जागी उसळला तर भाव करताना ते लक्षात ठेवा. पॅरामीटर पहिल्याच दिवशी वहीत उतरवून घ्या. झिरो मालिकेसारख्या जुन्या कंट्रोलची बॅटरी मशीन चालू ठेवूनच बदलायची असते. बंद करून बदलली तर स्मृती पुसली जाते आणि चांगली मशीनही मुकी होते.

विकणाऱ्यानेही जाम होणारा अ‍ॅक्सिस झाकून माल खपवू नये. असा सौदा एकदाच होतो. बाजारात गेलेली पत मात्र कुठल्याही मेकॅनिकला दुरुस्त करता येत नाही.