देवराईचा जमाखर्च

फाकपंचमी आली की कोकणात शिमग्याची चाहूल लागते. ग्रामदेवतेला रूपे लागतात, पालखी सहाणेवरून घरोघर निघते, सुवासिनी ओटी भरतात. चाकरमानी मुंबईहून वर्गणी घेऊन येतात आणि सण सरता सरता गावकीच्या बैठकीत देवस्थानचा हिशेब वाचला जातो. पालखीची दक्षिणा, नवसाचे नारळ, दिवाबत्ती, गुरवाचे मानधन, सारे त्यात असते. नसते ती देवळामागची राई.

कारण उघड आहे. राईची फांदी तोडू नये, पडलेले लाकूडही बहुधा देवकार्यापुरतेच उचलावे, असा पूर्वजांचा दंडक. त्यामुळे तिचे उत्पन्न नाही. श्रद्धाच राखण करी, म्हणून खर्चही नाही. परंतु आज जीर्णोद्धाराला पैसा अपुरा पडला की दृष्टी राईकडे वळते. जुने वृक्ष आडवे होतात, सिमेंटचा सभामंडप उभा राहतो, आणि लाकडाची किंमत वहीत ‘जमा’ म्हणून लिहिली जाते. आमच्या मते ती जमा नव्हे. ते मुद्दल मोडून खाणे आहे.

मुद्दल कोणते, हे श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावाने ओळखले होते. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी तेथील काळकाईच्या राईवर तोडीचे संकट आले, तेव्हा ग्रामस्थांनी वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांना साकडे घातले. भोवतालचे रान गेले, आता गावचा ओढा या राईच्याच आधाराने वाहतो, एवढेच त्यांचे म्हणणे होते. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी त्यांची बाजू मांडली, राई वाचली.

१९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यानुसार नोंदणीकृत देवस्थानाला हिशेब तपासून घ्यावे लागतात. स्थावर मालमत्ता विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. अनेक राया तर सरकारी जमिनीवर आहेत. राखण मात्र गावाची. मग गावाच्याच वहीत राईचे एक पान का नसावे? तिला लागते ते थोडेच: वणव्यापूर्वी जाळरेषा, गडग्याची डागडुजी, झऱ्याचा गाळ काढणे, उन्हाळ्यापुरता एक राखणदार. शिमग्याचे दिवस हेच वणव्यांचेही दिवस.

यंदा पालखी दारी येईल तेव्हा ओटीबरोबर चार रुपये राईच्या नावे घालावेत आणि हिशेबाच्या बैठकीत ते पान वाचायला सांगावे. देवाचे छत्र सोन्याचे असो वा नसो. त्याच्या माथ्यावरचे हिरवे छत्र राखणे हीही सेवाच आहे.