म्हातारा पीसी, तरणा मॉनिटर

‘ताई, आमच्या कॉम्प्युटरचा मागचा पोर्ट नवीन करून मिळतो का हो?’ मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीपासून हा प्रश्न मला निदान सात-आठ जणींनी विचारला असेल. कारण अगदी साधं आहे. घरातला सीपीयू दहा-बारा वर्षांचा असतो, चालतोय तोवर चालू द्या म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. मॉनिटर मात्र एक दिवस बंद पडतो. मग पुण्यातला मुलगा सेलमध्ये बघून एकदम मोठा, ‘४के’ लिहिलेला मॉनिटर मागवून देतो. खोका येतो, हळदीकुंकू लावून होतं, केबल जोडली जाते आणि मग कळतं की या दोघांचं काही जमत नाही!

हे प्रश्न माझ्याकडेच येतात, कारण मी जुळे सोलापुरात बरीच वर्षं एमएस-सीआयटी शिकवलं. ‘एमकेसीएल’ने २००१च्या सुमारास हा कोर्स सुरू केला आणि माऊसला हात लावायला भिणाऱ्या कितीतरी जणी त्यातून कॉम्प्युटरपाशी बसल्या. आमच्या लॅबमध्ये मॉनिटरच्या मागे निळी, पंधरा पिनांची, दोन स्क्रू पिळून बसवायची ती केबल असायची. तिचं नाव व्हीजीए. आयबीएम कंपनीने ती १९८७मध्ये आणली. डिसेंबर २०१०मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो, सॅमसंग, एलजी अशा कंपन्यांनी मिळून जाहीर केलं, की २०१५पर्यंत आम्ही हिला निरोप देणार. निरोप देऊनही ती अजून कितीतरी घरांत आणि शाळांत ठाण मांडून बसलीय, ही गोष्ट वेगळी.

तर सरळ उत्तर आधी सांगते. मागचा पोर्ट बदलून, खरवडून, सॉफ्टवेअर टाकून नवीन होत नाही. पण म्हणून सगळा कॉम्प्युटर बदलावा लागतो, हेही खरं नाही. आणि दुकानात नेमकं हे दुसरं वाक्य कुणी बोलत नाही.

आपण सोलापूरकर आहोत, म्हणून हे मला मागाच्या भाषेत सांगायला सोपं जातं. चादरीवरचं मोराचं नक्षीकाम कोण ठरवतं? खालचा यंत्रमाग नाही. ते ठरवतं वर बसवलेलं जकार्ड. पूर्वी त्याला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लागायची, आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलंय. ज्याला नवी डिझाइनं काढायची तो बऱ्याचदा माग तोच ठेवतो, वरचं जकार्ड बदलतो. (जाता जाता, हे पुठ्ठे कॉम्प्युटरचे आजोबाच म्हणायचे! फ्रान्समधल्या जकार्ड या विणकराने १८०४च्या सुमारास ते वापरात आणले, आणि पुढे इंग्लंडच्या बॅबेजने आपल्या गणितयंत्रासाठी ती कल्पना त्यांच्याकडूनच उचलली.)

कॉम्प्युटरचा पोर्ट म्हणजे नुसतं दार. चित्र तयार करतो तो आतला ग्राफिक्सचा भाग. साध्या घरगुती पीसीत तो प्रोसेसरच्या पोटातच असतो. त्याला जेवढं येतं तेवढंच दारातून बाहेर पडणार. दार रुंद केलं म्हणून आतून विणलेलं कापड वाढत नाही. पण यंत्रमागावर जसं दुसरं जकार्ड बसवता येतं, तसं मदरबोर्डावर एक लांब खाच असते, तिच्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड बसतं. त्याचे पोर्ट त्याच्याबरोबरच येतात, सीपीयूच्या मागच्या पट्टीतून बाहेर डोकावतात. जुने पोर्ट आपल्या जागी तसेच राहतात.

आमच्या शेजारच्या वहिनींची गोष्ट सांगते, म्हणजे यात काय अडतं ते कळेल. त्या घरी बसून टॉवेलची डिझाइनं करून देतात. पडद्यावर आलेखाच्या वहीसारखे बारीक चौकोन असतात, हजारोंनी. एक चौकोन चुकला, तर प्रत्येक टॉवेलवर तोच डाग उमटणार. डोळ्यांची परीक्षाच! म्हणून मुलाने सत्तावीस इंची ४के मॉनिटर पाठवला. पीसी त्यांचा २०१४चा, चौथ्या पिढीचा आय-थ्री. मागे एक व्हीजीए आणि एक एचडीएमआय. एचडीएमआय जोडून पाहिलं, तर चित्र सुरेख, चौकोन स्वच्छ, पण वहिनी म्हणाल्या, ‘ताई, माऊस आजारी माणसागत चालायलाय बगा. मी हिकडं वडते, त्यो मागनं येतोय.’

दुकानदार घरी येऊन बघून गेला. तो बोलत होता भाऊंशी, ज्यांनी त्या मशीनवर कधी पत्त्यांचा डाव सोडून काही उघडलेलं नाही. ‘पोर्ट जुना आहे साहेब, अपग्रेड होत नाही, आख्खा सेट बदला, अडतीस हजारात बसवून देतो.’ वहिनींच्या भिशीचे पैसे नुकतेच आले होते, तेही त्याला कुठून कळलं कोण जाणे. त्या पैशांवर मुलीच्या क्लासची फी ठरलेली होती.

आता त्या माऊसला काय झालं होतं ते बघू. थोडं गणित आहे, पण वाण्याच्या हिशोबापेक्षा अवघड नाही. साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे जवळपास २१ लाख. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख, बरोबर चौपट. हे सगळे ठिपके सेकंदाला साठ वेळा नव्याने काढले, तर हालचाल सहज वाटते. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट लागतात. गुणाकार केला, की सेकंदाला जवळजवळ १२०० कोटी बिट होतात. वहिनींचा पोर्ट होता एचडीएमआय १.४, २००९ सालच्या नियमांचा. त्याची मर्यादाच सेकंदाला १०२० कोटी बिट, त्यातलाही काही भाग बांधाबांधीत जातो. मग तो बिचारा काय करणार? साठऐवजी तीसदाच चित्र पाठवतो. चित्र स्वच्छ, पण माऊस दमलेला.

पुढे सप्टेंबर २०१३मध्ये एचडीएमआय २.० आलं, १८०० कोटी बिटांचं. त्यात ४के साठ वेळा आरामात बसतं. २०१७ला २.१ आलं, ४८०० कोटींचं, आणि २०२५ला २.२ आलंय, त्याच्या दुप्पट. बाहेरून सॉकेट मात्र सगळ्यांचं सारखंच दिसतं! म्हणून नुसतं पाहून कुणालाच सांगता येत नाही. मॉडेलचा नंबर घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकातच बघावं लागतं. आणि कुणी ‘भारीतली केबल घ्या, सगळं ठीक होईल’ म्हणालं, तर पाकीट काढू नका. खराब केबलने चित्र जाईल-येईल हे खरं, पण चांगली केबल १.४च्या पोर्टाला २.० करू शकत नाही.

वहिनींना मी म्हटलं, आधी झाकण उघडू. वीज बंद, वायर काढलेली, हात लोखंडी पत्र्याला लावून घेतला. आपल्याकडच्या कोरड्या हवेत अंगातली वीज चटकन चिमटा काढते आणि तो चिमटा चिपला सोसत नाही. आत धूळ अशी, की विजापूर रोडची निम्मी माती तिथेच येऊन बसली असावी. ती ब्रशने हलकेच काढली. आणि लांब खाच सापडली, रिकामी, अकरा-बारा वर्षं कुणाची तरी वाट बघत असलेली.

कार्ड घेताना मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. खोक्यावर ‘४के’ लिहिलेलं असतंच. स्वस्तातलं जीटी ७१० किंवा जीटी ७३० हे कार्ड घेतलंत, तर तेही एचडीएमआय १.४चंच, म्हणजे पैसे खर्चून माऊस पुन्हा आजारी. जीटी १०३०, जे २०१७मध्ये आलं, त्याचं एचडीएमआय २.० आहे आणि ते जेमतेम ३० वॅट वीज खातं, वेगळी वायर लागत नाही. त्यामुळे जुनं एसएमपीएस बदलायची वेळ येत नाही. वहिनींना असलंच एक वापरलेलं कार्ड साडेतीन हजारांत मिळालं, पंधरा दिवस परत करायच्या बोलीवर. दुकानात विचारायचं ते इतकंच: या कार्डाचं एचडीएमआय कितवं, याला वेगळी वीज लागते का, आणि माझ्या कॅबिनेटात ते उभं मावेल का. ऑफिसांतून येणाऱ्या बारीक, चपट्या सीपीयूत बुटकंच कार्ड बसतं, त्याची पट्टीही वेगळी असते. खाच जुन्या पिढीची आणि कार्ड नव्या पिढीचं असेल तर सहसा अडत नाही. फार जुन्या मदरबोर्डावर मात्र एखादं नवं कार्ड डोळेच उघडत नाही, म्हणून ती परत करायची बोली महत्त्वाची.

कार्ड बसवल्यावर केबल कार्डाच्या पोर्टात जोडायची. हे सांगायला नको असं वाटतं, पण सवयीने हात जुन्याच पोर्टाकडे जातो, पडदा काळा राहतो आणि घरात ओरड सुरू होते, की बाईने मशीन बिघडवलं.

वहिनींना कार्ड लागलं, पण प्रत्येकीला लागेलच असं नाही. आजकाल गावोगावी मोठ्या कंपन्यांतून निघालेले जुने डेस्कटॉप स्वस्तात मिळतात. त्यांच्या मागे एक कोपरा कापल्यासारखं सॉकेट असतं, त्याला डिस्प्ले पोर्ट म्हणतात. बायका त्याला यूएसबी समजून सोडून देतात. चौथ्या पिढीच्या इंटेलवरसुद्धा हा पोर्ट ४के साठ वेळा देऊ शकतो! म्हणजे शेजारच्या एचडीएमआयला जे जमत नाही ते याला जमतं. मॉनिटरलाही डिस्प्ले पोर्ट असेल, तर फक्त एक केबल घ्यायची. मॉनिटरला फक्त एचडीएमआय असेल, तर मध्ये ‘ॲक्टिव्ह’ प्रकारचा कन्व्हर्टर लागतो, ज्यावर ४के ६० हर्ट्झ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. साधा, दोनशे रुपयांचा घेतला तर पुन्हा तीसवरच अडकाल.

आणि ज्यांच्याकडे फक्त निळी व्हीजीए आहे त्या? व्हीजीएवरून एचडीएमआय करणारा छोटा डबा मिळतो, नव्या मॉनिटरवर चित्र येतंही. पण फुल एचडीच्या आसपास. त्याच्या पलीकडे तो डबा नेत नाही. टाइपिंग, बचत गटाचे हिशोब, मुलांचे प्रोजेक्ट याला तेवढं पुष्कळ झालं. खरं सांगू का, मॉनिटर अजून घेतलाच नसेल, तर ४केच्या मागे लागूच नका. साधा फुल एचडी घ्या, किंवा २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा घ्या. तो बहुतेक एचडीएमआय १.४वरही साठ वेळा चालतो. पोर्टाची कटकटच नको.

सॉफ्टवेअरने पोर्ट सुधारला असं कधीच झालं नाही का? झालंय, एकदा तरी. २०१८मध्ये एनव्हिडिया कंपनीने आपल्या काही कार्डांसाठी एक छोटा प्रोग्राम दिला आणि त्याने त्या कार्डांचा डिस्प्ले पोर्ट १.३ आणि १.४ या नव्या नियमांच्या मॉनिटरांशी नीट बोलायला लागला. पण तिथे आतल्या चिपमध्ये ती ताकद आधीपासून होती, फक्त कुलूप उघडायचं राहिलं होतं. आपल्या दहा वर्षांच्या घरगुती पीसीसाठी असं काही फुकट डाउनलोड करा म्हणणारी जाहिरात दिसली, तर ती हमखास व्हायरसची असते.

एक मात्र दुकानदाराच्या बाजूने बोलायला हवं. कार्डाने पडदा सुधारतो, मशीनचं वय कमी होत नाही. विंडोज १० चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला, आणि विंडोज ११ साठी त्यांच्या यादीत इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत. चौथी पिढी त्यात नाही. म्हणजे बँकेचे व्यवहार, ऑनलाइन खरेदी याच मशीनवर करत असाल, तर बदलायचं कारण पोर्ट नव्हे, हे आहे. त्याने हेच सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजला असता.

वहिनींनी मग मशीनचं इंटरनेटच काढून टाकलं. डिझाइन पेन ड्राइव्हवरून जातं, बँक मोबाइलवर होते. माऊस आता पळतो. क्लासची फी भरून झाली. पुढच्या वेळी भिशी लागली, की नवीन पीसी घ्यायचा त्यांचा विचार आहे, आणि या खेपेला दुकानात भाऊंना नेणार नाहीत. कागदावर त्यांनी लिहूनही ठेवलंय: मागे डिस्प्ले पोर्ट पाहिजे, एचडीएमआय २.० किंवा पुढचं पाहिजे, आणि प्रोसेसरच्या नंबरशेवटी इंग्रजी ‘एफ’ नको, कारण त्या प्रोसेसरच्या पोटात ग्राफिक्स नसतं, मदरबोर्डावरचे पोर्ट नुसते शोभेचे राहतात. त्याखाली पेन्सिलीने: ‘जुनं कार्ड काढून घेणे. कुणाला तरी होईल.’