घरपट्टी भरली म्हणजे वरची खोली अधिकृत होत नाही

नवी मुंबईतल्या कामोठ्यात गच्चीवर किंवा मागच्या मोकळ्या जागेत भाड्यासाठी खोली काढणाऱ्या बऱ्याच जणांचा भरवसा घरपट्टीच्या पावतीवर असतो. याच समजापायी आयुष्याची पुंजी अडकते, म्हणून आधी तोच. महानगरपालिका अधिनियमाचं कलम 267-अ बेकायदा बांधकामावर करासोबत शास्तीची तरतूद करतं, आणि अशी वसुली झाली म्हणून बांधकाम नियमित झालं असं मानू नये, हेही तिथेच लिहिलेलं आहे. वीजमीटरचंही तसंच. वीज वापरता एवढंच बिलावरून कळतं, परवानगी होती की नाही ते कळत नाही.

‘प्लॉट आमचा, कितीही बांधू,’ हा दुसरा समज. नवी मुंबईसाठी जमीन गेलेल्या शेतकऱ्यांना सिडकोकडून मिळालेले साडेबारा टक्क्यांचे प्लॉट कुणी फुकट दिलेले नाहीत. 1984 च्या जासईच्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून हा हक्क आला. पण प्लॉट मिळतो सिडकोच्या 60 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, आणि या योजनेचा चटई क्षेत्र निर्देशांक मुळात 1.5 ठरलेला होता. म्हणजे 100 चौरस मीटरच्या प्लॉटवर 150 चौरस मीटर. विकासकाने इमारत उठवतानाच ते बहुधा संपवलेलं असतं, मग नव्या खोलीला चटई क्षेत्र आणायचं कुठून? मंजूर नकाशा काढून शिल्लक मोजावी, वाढीव काही मिळतं का ते आर्किटेक्टला विचारावं. बाजूचं मोकळं अंतरही त्याच नकाशात असतं.

‘पत्र्याचीच तर आहे, उद्या काढून टाकू.’ 1966 च्या नगररचना कायद्यात ‘विकास’ म्हणजे फक्त आरसीसी नव्हे. वापरात मोठा बदल केला तरी तो विकास ठरतो. स्टिल्टमधल्या पार्किंगला भिंती घालून रूम केली, तर वाहनांसाठी म्हणून मिळालेली सूट राहत नाही.  अशा खोलीलाही मूळ इमारतीचेच नियम लागतात.

प्रकल्पग्रस्तांनी परवानगीशिवाय गावात बांधलेली ‘गरजेपोटी’ घरं हा वेगळा प्रश्न. फेब्रुवारी 2022 च्या शासन निर्णयात गावठाणाच्या हद्दीपासून 250 मीटरपर्यंतची प्रकल्पग्रस्तांची घरं नियमित करायचं ठरलं. ते आधीच उभ्या असलेल्या घरांसाठी. आज नवी भिंत चढवायला त्याचा आधार घेता येत नाही, सेक्टरमधल्या सोसायटीला तर नाहीच.

परवानगी म्हणजे वर्षभर हेलपाटे, हा समज मात्र लोकांनी सोडायला हवा. डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत 150 चौरस मीटरपर्यंतच्या निवासी प्लॉटवर नियमात बसणाऱ्या लहान घरासाठी कागदपत्रं आणि शुल्क भरल्याची पोचच परवानगी धरली जाते. भाडेपट्टा असेल तर सिडकोच्या अटी तपासायच्याच.

मजला चढवायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी बोलवावं. खाडीच्या खाऱ्या हवेत कॉलममधली सळई गंजून फुगते, काँक्रीट तडकतं. तीन मजल्यांसाठी ओतलेला पाया चौथा पेलेल का, ते तपासणीनंतर तोच सांगू शकतो.